पाचपर्यंत

गोरेगावातल्या एका जुन्या सोसायटीत जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांशेजारी नोटीसबोर्ड आहे. मागच्या महिन्यात सेक्रेटरी काकांनी आपल्या सुबक, किंचित डावीकडे झुकलेल्या अक्षरात तिथे एक कागद लावला. वर मराठी ओळ : 'टाकीच्या सफाईमुळे आज सायंकाळी ५ वाजेपर्यंत पाणी बंद राहील.' खाली इंग्रजी ओळ : 'वॉटर विल बी क्लोज्ड बाय फाइव्ह पीएम टुडे.' इमारतीत आता मराठी न वाचणारे भाडेकरू बरेच आहेत, त्यांची अडचण होऊ नये म्हणून काका खालची ओळ आठवणीने लिहितात. चौथ्या मजल्यावर केरळहून आलेली एक नर्स राहते. ती रात्रपाळी करून सकाळी नऊला घरी आली, कागद वाचला आणि निश्चिंत झोपली. पाणी पाचला जाणार, तोवर उठून आंघोळ, कपडे, स्वयंपाक सगळं उरकेल, असा तिचा हिशोब. दुपारी एकला उठून तिने नळ सोडला. नळ दोनदा खाकरला, चार तांबूस थेंब पडले आणि नुसती हवा सुटायला लागली. ती खाली आली तेव्हा जिन्यात ब्लीचिंग पावडरचा वास भरला होता आणि गच्चीवरून टाकी घासल्याचा खरखराट येत होता. वॉचमन म्हणाला, "नोटीस लावली होती ना, मॅडम." तिने इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. तेवढ्यात काकाही आले, त्यांनी मराठी ओळीवर बोट ठेवलं. पाचला बंद होणार, असं तिने वाचलं होतं. पाचपर्यंत बंद राहणार, असं त्यांनी लिहिलं होतं. काकांनी स्वतःच्या घरून दोन बादल्या पाणी वर पाठवलं आणि प्रकरण मिटलं. पण संध्याकाळी कट्ट्यावर कुणीतरी सहज म्हणालं, "काकांचं इंग्रजी कच्चं आहे."

ते वाक्य टोचत राहिलं.

काकांनी आयुष्यभर कचेरीत इंग्रजी पत्रं लिहिली आहेत. त्यांचं स्पेलिंग चुकत नाही, काळ चुकत नाही. चुकलं ते एवढंच, की मराठीत जिथे एक शब्द पुरतो तिथे इंग्रजीत दोन आहेत, आणि त्या दोघांतला भेद त्यांना शाळेत कुणी सांगितला नाही. शाळेत काळ शिकवतात, कर्तरी-कर्मणी शिकवतात. वेळेची ही बारकी क्रियाविशेषणं आणि त्यांच्या आगेमागे येणारी दोन-दोन अक्षरी शब्दयोगी अव्ययं कुणी शिकवत नाही, कारण त्यांचे अर्थ 'सोपे' समजले जातात. स्टिल म्हणजे अजून, येट म्हणजे अजून, ऑलरेडी म्हणजे आधीच, संपलं. गोंधळ नेमका त्या 'संपलं'मध्ये असतो.

'पर्यंत'पासूनच सुरुवात करू. हा शब्द काळाच्या दोरीवर एक खुंटी ठोकतो. खुंटीच्या अलीकडे काय घडतं ते तो सांगत नाही, ते काम क्रियापदाचं. पाणी बंद राहील, दुकान उघडं असेल, मी थांबेन, पंप चालेल. या सगळ्या ताणल्या जाणाऱ्या गोष्टी, खुंटीपर्यंत अखंड चालणाऱ्या. त्यांना इंग्रजीत अनटिल लागतं, किंवा टिल. याउलट मेंटेनन्स भरा, फॉर्म द्या, गाडी पोहोचेल, काम संपेल, या एका क्षणात उरकणाऱ्या गोष्टी. खुंटीच्या आधी केव्हाही एकदा झाल्या की झाल्या. त्यांना बाय. आपण दोन्हीकडे बिनधास्त 'पर्यंत' म्हणतो आणि मराठी माणसाचा कधी घोटाळा होत नाही, कारण क्रियापद ऐकूनच आपण समजतो. इंग्रजीत ती निवड बोलणाऱ्याला आधीच करावी लागते. यावर एक साधी चाचणी आहे. 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून वाक्य म्हणून बघायचं. 'दहा तारखेच्या आत मेंटेनन्स भरा' हे कानाला चालतं, म्हणून इथे बाय. 'पाचच्या आत पाणी बंद राहील' हे मराठी कान लगेच नाकारतो, म्हणून इथे अनटिल. ही चाचणी लिहिता लिहिता मनात करता येते आणि सहसा दगा देत नाही.

याच मुंबईत एक जुनं उदाहरण आहे. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईने आपली स्वतंत्र वेळ सोडली नाही. बॉम्बे टाइम प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, म्हणजे एकाच शहरात दोन घड्याळं. 'बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत चालू होता' असं आपण लिहितो, आणि 'बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत बंद झाला' असंही लिहू शकतो. वर्ष तेच, 'पर्यंत' तेच. पहिल्या वाक्याला इंग्रजीत अनटिल, दुसऱ्याला बाय, कारण एकदा 'चालू होता' आहे आणि एकदा 'बंद झाला'. काकांच्या नोटिशीतही क्रियापद 'बंद राहील' होतं. इंग्रजीत त्यांनी ते 'विल बी क्लोज्ड' केलं, तिथवर ठीक होतं. पण बाय लागल्याबरोबर त्या 'राहील'चं 'होईल' झालं.

नकार आला की हा गुंता आणखी बारीक होतो. 'पाणी पाचपर्यंत आलं नाही.' पाच वाजता आलं, की पाच वाजून गेले तरी पत्ता नाही? मराठी वाक्य दोन्हीकडे झुकू शकतं. इंग्रजीत 'डिडन्ट कम अनटिल फाइव्ह' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, पाचला आलं. 'हॅडन्ट कम बाय फाइव्ह' म्हटलं की पाचच्या ठोक्याला नळ कोरडाच होता, पुढचं माहीत नाही. वकिलाच्या पत्रात, विम्याच्या दाव्यात, डिलिव्हरीच्या तक्रारीत हा फरक महाग पडू शकतो. आणि आपल्या 'जोपर्यंत'ची तऱ्हा वेगळीच. 'जोपर्यंत तू येत नाहीस, तोपर्यंत मी थांबतो.' यातला 'नाहीस' मराठीचा श्वास आहे, त्याच्याशिवाय वाक्य लंगडं वाटतं. तोच जसाच्या तसा इंग्रजीत उचलला की 'अनटिल यू डोन्ट कम' तयार होतं. मुंबईत हे वाक्य लोकलच्या डब्यापासून कॉन्फरन्स रूमपर्यंत रोज ऐकू येतं. अनटिलच्या पोटात तो नकार आधीच बसलेला असतो, म्हणून 'अनटिल यू कम' एवढंच पुरतं. जाता जाता, टिल हा अनटिलचा तोडलेला तुकडा नव्हे. तो अनटिलपेक्षा जुना शब्द आहे. तेव्हा टिल लिहिलं म्हणून कुणी घाईत लिहिल्यासारखं मानू नये.

आता त्या कोरड्या नळाकडे परत येऊ. नळ सोडला, पाणी नाही. तोंडातून निघतं, 'अजून पाणी आलं नाही.' इंग्रजी बोलणारी दोन माणसं हे दोन प्रकारे म्हणतील. 'द वॉटर हॅजन्ट कम येट' म्हणणाऱ्याच्या मनात धीर आहे. येणार आहे, वेळ व्हायची आहे. 'द वॉटर स्टिल हॅजन्ट कम' म्हणणाऱ्याच्या हिशोबाने पाणी यायची वेळ टळून गेली आहे, आणि त्याचा धीर संपत आला आहे. घड्याळ दोघांच्या भिंतीवर तेच. बदलली ती अपेक्षा. मराठीत हे काम आपण सुराने करतो. 'अजून आलं नाही' सरळ म्हटलं की येट, आणि 'अजूऽऽन आलं नाही?' असं 'जू' ओढून म्हटलं की स्टिल. लिहिताना सूर जातो, मग आपण 'अजूनही' असा 'ही' जोडतो. तो 'ही' म्हणजे जवळजवळ स्टिलच.

जागाही महत्त्वाची आहे. येट सहसा वाक्याच्या शेवटी बसतो, स्टिल नकारी साहाय्यक क्रियापदाच्या अगदी आधी. आपल्याकडे 'अजून' बहुतेकदा वाक्याच्या तोंडाशी येतो, म्हणून इंग्रजीतही स्टिल तोंडाशी जाऊन बसतो : 'स्टिल आय हॅव नॉट रिसीव्ह्ड द पेमेंट.' पण सुरुवातीला आलेला स्टिल इंग्रजी कानाला 'तरीही' असा ऐकू येतो. म्हणजे लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं 'अजून पैसे मिळाले नाहीत', आणि वाचणारा वाचतो 'तरीही मला पैसे मिळालेले नाहीत'. कारण नसताना पत्राला धार चढते. समोरचा दुखावतो, उत्तर तुटक येतं, आणि का ते इकडे कळत नाही. तेच 'आय हॅवन्ट रिसीव्ह्ड द पेमेंट येट' लिहिलं तर नरम आठवण होते. खरंच रागवायचं असेल तर 'आय स्टिल हॅवन्ट रिसीव्ह्ड इट'. राग हवा तेवढा, हवा तिथे ठेवता यायला हवा.

स्टिल या शब्दाचं मूळ मला फार आवडतं. स्टिल म्हणजे मुळात निश्चल. स्टिल फोटो म्हणतो तेव्हा तोच अर्थ असतो, स्थिर चित्र. जे हललं नाही ते जिथे होतं तिथेच आहे, म्हणजेच 'अजून' आहे. जुन्या इंग्रजीत तर स्टिल म्हणजे 'नेहमी, सतत' असाही अर्थ होता, शेक्सपिअरच्या नाटकांत तो जागोजाग भेटतो. आपला 'अद्याप' असाच उकलून दिसतो. अद्य म्हणजे आज, अपि म्हणजे सुद्धा. आजसुद्धा. वर्तमानपत्रात 'अद्याप गुन्हा दाखल झालेला नाही' वाचताना त्यातला 'आज' आपल्याला दिसत नाही, पण तो तिथे आहे.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी सातला बसलं तर या शब्दांचा सगळा संसार डोळ्यांसमोरून चालत जातो. एक आजी नातवाला घेऊन येते. नातू कडेवर असतो, कुणी विचारलं तर आजी म्हणते, "अजून चालत नाही." इंग्रजीत, नॉट येट. पलीकडे व्हीलचेअरवर एक आजोबा, त्यांची सून सांगते, "आता चालत नाहीत." एनी मोअर, किंवा जरा औपचारिक, नो लाँगर. तिसरे आजोबा नव्वदीचे, पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात काठी पण टेकवत नाहीत. "अजून चालतात!" स्टिल. आणि नऊ महिन्यांची एक पोरगी आईचं बोट सोडून चार पावलं टाकते, तेव्हा कट्ट्यावरचे सगळे म्हणतात, "अगं, चालायला लागलीसुद्धा!" ऑलरेडी. चालणं आणि न चालणं, होणार आणि होऊन गेलं, एवढ्या चार कोपऱ्यांवर इंग्रजीने चार वेगळे शब्द उभे केले आहेत. मराठीने 'अजून' आणि 'आता' या दोघांना होकार-नकाराच्या जोड्या लावून तीन कोपरे सांभाळले, आणि चौथ्यासाठी 'सुद्धा' आणला. 'अजून नाही' आणि 'आता नाही' यांत केवढं अंतर आहे! एकात सगळं पुढे आहे, दुसऱ्यात सगळं मागे. भाषांतर करताना 'नाही' दिसला की घाईने नॉट लिहिलं जातं, आणि 'अजून'चा येट किंवा 'आता'चा एनी मोअर सांडून जातो.

त्या 'सुद्धा'पाशी थोडं थांबावंसं वाटतं, कारण इथे मराठी श्रीमंत आहे आणि इंग्रजीकडे एकच नाणं आहे. ऑलरेडीला मराठीत निदान तीन शब्द आहेत आणि तिघांचे स्वभाव वेगळे. 'गाडी आलीसुद्धा' यात आश्चर्य आहे, इतक्या लवकर कशी आली. 'आधीच उशीर झालाय' यात कुरकुर आहे. आणि 'गाडी कधीच गेली' यात हात झटकून टाकल्यासारखा निकाल आहे, धावण्यात अर्थ नाही. हा 'कधीच' तर जादूचा शब्द. 'गाडी कधीच गेली' म्हणजे केव्हाची गेली, आणि 'गाडी कधीच गेली नाही' म्हणजे एकदाही गेली नाही. इंग्रजीत एकाला लाँग अगो, दुसऱ्याला नेव्हर. मराठी शिकणाऱ्या परभाषकाला हा शब्द समजावताना घाम फुटतो, आणि तेव्हा बाय-अनटिलमध्ये अडकलेल्या आपल्या माणसांबद्दल आपोआप माया वाटू लागते. मुंबईच्या मराठीत हल्ली 'ऑलरेडी' हाच शब्द रुळला आहे. "मी ऑलरेडी सांगितलंय", "ऑलरेडी फुल आहे". शेअर रिक्षापासून बँकेच्या खिडकीपर्यंत सगळीकडे. परका शब्द आला याचं मला वाईट वाटत नाही, भाषा घेतच असतात. वाईट याचं वाटतं, की त्या एका शब्दाने सुद्धा, आधीच आणि कधीच या तिघांना एकदम बाजूला सारलं, आणि आश्चर्य, कुरकुर आणि निकाल एकाच आवाजात बोलायला लागले.

इंग्रजीतल्या प्रश्नात हा शब्द जपून वापरावा लागतो. 'हॅव यू फिनिश्ड येट?' म्हणजे 'झालं का?' 'हॅव यू फिनिश्ड ऑलरेडी?' म्हणजे 'झालंसुद्धा?' परदेशातल्या वरिष्ठाकडून दुसरा प्रश्न आला तर ते कौतुक असतं, निदान आश्चर्य तरी. नव्याने नोकरीला लागलेली मुलं तो 'आधीच व्हायला हवं होतं' असा वाचतात आणि धावत माफीचं उत्तर लिहितात. अमेरिकी लिहिणारा असेल तर 'डिड यू इट येट?' असं साध्या भूतकाळात विचारेल, ब्रिटिश वळणाचा 'हॅव यू ईटन येट?' विचारेल. दोन्ही आपापल्या घरी बरोबर. चिंता करायची ती स्थानाची : आपल्याकडचं 'ऑलरेडी आय टोल्ड यू' हे मराठी क्रमाने चालतं. इंग्रजीत ते 'आय हॅव ऑलरेडी टोल्ड यू' असं मध्ये सरकतं, किंवा ऑलरेडी शेवटी जातो.

आता 'आता'.

आणि 'आत्ता'. एका जोडाक्षराने आपण केवढं काम करून घेतो! 'आता काय करायचं?' यात वळणावर उभं राहून विचारलेला प्रश्न आहे, आयुष्याचाही असू शकतो. 'आत्ता काय करायचंय?' म्हणजे या मिनिटाला, हातातलं सांग. 'आत्ता गेला' म्हणजे दार अजून हलतंय. इंग्रजीतला नाऊ एकट्याने इथे चालत नाही. 'ही लेफ्ट नाऊ' असं म्हणत नाहीत, 'ही हॅज जस्ट लेफ्ट' किंवा 'ही लेफ्ट जस्ट नाऊ' म्हणतात. जस्ट एकटा असेल तर क्रियापदाच्या आत शिरतो, जस्ट नाऊ जोडीने असेल तर शेवटी जातो आणि साधा भूतकाळ घेतो. आपण काय करतो? 'आत्ताच गेला' मधला 'च' आपल्याला सोडवत नाही. त्या 'च'साठी आपण ओन्ली शोधून काढला : 'ही लेफ्ट नाऊ ओन्ली', 'आय केम टुडे ओन्ली'. पण आपला 'च' ठासून सांगतो, तर इंग्रजीतला ओन्ली मर्यादा घालतो. 'टुडे ओन्ली' हे दुकानाच्या पाटीवर असतं तेव्हा अर्थ होतो 'फक्त आज, उद्या मिळणार नाही'. 'आजच आलो' म्हणायचं तर 'आय ओन्ली गॉट हिअर टुडे' किंवा 'आय जस्ट गॉट हिअर टुडे'. 'च'चं भाषांतर ओन्लीने करायचा मोह आवरला तरी मुंबईच्या इंग्रजीतल्या निम्म्या गाठी सुटतील, असं मला मनापासून वाटतं.

वेळेची लांबी मोजायची झाली तर मराठी शब्दाच्या शेपटीला गाठ मारते. एक तास घ्या. तासभर वाट पाहिली, इंग्रजीत फॉर ॲन अवर. तासात काम उरकलं, इन ॲन अवर. तासाने येतो, यालाही इन ॲन अवर. इथे थांबून बघा, आपल्या 'त' आणि 'ने' या दोन वेगळ्या गाठी इंग्रजीत एकाच इनमध्ये मिसळतात. म्हणून 'आय विल कॉल इन ॲन अवर' म्हणजे तासाने फोन करेन, आधी नव्हे. तासाच्या आत केव्हाही करेन असं म्हणायचं असेल तर विदिन लागतो. आपल्याकडे 'आफ्टर वन अवर' म्हणायची सवय आहे. समजतं सगळ्यांना, पण आत्तापासून पुढे मोजताना इंग्रजी माणूस इन म्हणतो आणि गोष्ट सांगताना आफ्टर. मागे मोजताना उलटं. आत्तापासून मागे अगो, आणि भूतकाळातल्या एखाद्या क्षणापासून आणखी मागे बिफोर. 'ती दोन दिवसांपूर्वी गेली' याला अगो, 'आम्ही पोहोचलो त्याच्या दोन दिवस आधी ती गेली होती' याला बिफोर. पूर्वी आणि आधी हे दोन शब्द नीट वापरणाऱ्याला अगो-बिफोर वेगळे शिकावे लागत नाहीत.

याच शेपटीच्या गाठीने एक जुना विनोदी समज उलगडतो, विमानातल्या मोमेंटरिलीचा. अमेरिकी वैमानिक 'वी विल बी लँडिंग मोमेंटरिली' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'क्षणात उतरतोय' असा असतो. जुन्या ब्रिटिश वळणात मोमेंटरिली म्हणजे 'क्षणभर', तेव्हा तसा कान असलेल्याला वाटतं, क्षणभर टेकून पुन्हा उडणार की काय. क्षणात आणि क्षणभर. एका प्रत्ययाने मराठीत जो गोंधळ होऊच शकत नाही, तो तिथे समुद्र ओलांडताना होतो.

'पासून'ने मात्र आपल्याला फार सतावलं आहे. 'सकाळपासून पाणी नाही' आणि 'दोन तासांपासून पाणी नाही'. सकाळ हा एक बिंदू आहे, दोन तास ही लांबी. आपला 'पासून' दोघांना सामावतो, सिन्सला फक्त बिंदू चालतो. सिन्स मॉर्निंग, सिन्स मंडे, सिन्स १९९८. लांबी आली की फॉर : फॉर टू अवर्स. त्यात भर म्हणजे काळ. आपण वर्तमानात म्हणतो, 'दहा वर्षांपासून दादरला राहतोय', आणि तेच 'आय ॲम स्टेइंग इन दादर सिन्स टेन इयर्स' होऊन उतरतं. इंग्रजीला इथे 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं, कारण गोष्ट मागून इथवर आली आहे. फ्रेंच आणि जर्मन माणूसही अशा ठिकाणी वर्तमानकाळच वापरतो, तेव्हा यात मराठी डोक्याचा दोष नाही. आणि उपायही मराठीतच आहे. 'दोन तास झाले, पाणी नाही' किंवा 'गेली दहा वर्षं दादरला आहे' असं जुनं, सरळ मराठी मनात म्हणा. 'पासून' गेला की सिन्सही तोंडात येत नाही, फॉर आपोआप येतो.

काही जोड्या मराठीने आयत्या दिल्या आहेत, तिथे फार बोलायला नको. गाडी वेळेवर आली, ऑन टाइम. मस्टर उचलायच्या आत वेळेत पोहोचलो, इन टाइम. नुकतंच घर घेतलं, रिसेंटली. हल्ली तो दिसत नाही, लेटली. एकदाच घडलेल्या गोष्टीला लेटली लावू नये, जसं 'हल्ली त्याने घर घेतलं' आपणही म्हणत नाही. आणि लेटली म्हणजे 'उशिरा' कधीच नाही, उशिराला नुसता लेट. 'लवकर' मात्र तीन घरचा पाहुणा आहे. 'लवकर ये' म्हणजे ठरल्या वेळेआधी ये, फार दिवस लावू नकोस, की पाय उचल? अर्ली, सून, क्विकली. मुंबईत तिन्हींना फास्ट म्हणतात, लोकलमुळे असेल. 'कम फास्ट' म्हणजे वेगाने ये, एवढंच.

सूनची गंमत वेगळी आहे, आणि थोडी हळवीही. जुन्या इंग्रजीत सून म्हणजे 'ताबडतोब' होतं. प्रेझेंटलीही एके काळी 'या क्षणी' होतं, मग ते 'थोड्या वेळाने' झालं. ॲनन, बाय अँड बाय, सगळ्यांची तीच वाट. लोक 'लगेच' म्हणतात आणि वेळ लावतात, पिढ्यानपिढ्या, आणि शब्दच ढिला होतो. प्रेझेंटली आता अमेरिकेत आणि आपल्या वर्तमानपत्रांत 'सध्या' या अर्थी चालतो, पण वाचणारा जुन्या ब्रिटिश वळणाचा असेल तर तो 'थोड्या वेळाने' वाचेल. नोटिशीत, करारात तो टाळावा. सध्या म्हणायचं तर करंटली किंवा नाऊ, थोड्या वेळाने म्हणायचं तर सून किंवा शॉर्टली. मराठीत 'लगेच' असाच ढिला होत गेला म्हणून की काय, आपण एक धाडस केलं. येणार असलेला माणूस भूतकाळात बोलतो : "आलोच!" अजून बूटही घातलेले नाहीत आणि तो येऊन गेला आहे. फोनवर "निघालो" म्हणणारा मुंबईकर बहुधा टॉवेल शोधत असतो, हे दोन्ही टोकांना माहीत असतं आणि कुणी खोटं बोललं असं वाटत नाही. 'आलोच'मध्ये वेळ नाही, आश्वासन आहे. त्याचं भाषांतर 'आय केम' असं करून पाठवणारी मुलं आहेत. त्यांना 'आय ॲम कमिंग' नव्हे, 'आय विल बी राइट देअर' शिकवायला हवं, कारण ते राइट हे आपल्या 'च'च्या जवळचं आहे.

त्या दिवशी पाचला पंप सुरू झाल्याची घरघर जिन्यातून वर गेली. चौथ्या मजल्यावरचा नळ पुन्हा खाकरला, आधी हवा, मग ब्लीचिंगच्या वासाचं पांढुरकं पाणी, मग स्वच्छ. नर्सने येऊन काकांच्या बादल्या परत दिल्या आणि दोघं नोटिशीसमोर थोडा वेळ उभे राहिले. तिने खिशातलं पेन काढून बायवर रेघ मारली, वर अनटिल लिहिलं आणि पुढे सकाळची वेळही घालायला सांगितली, कारण सुरुवात कळली नाही तर शेवट कितीही बरोबर असून उपयोग नाही. काकांनी चष्मा वर करून दोन्ही ओळी तोंडातल्या तोंडात वाचल्या.

या आठवड्यात नवा कागद लागला आहे. लिफ्टची मोटर जळली आहे. मराठीत, 'लिफ्ट २० तारखेपर्यंत दुरुस्त होईल.' खाली इंग्रजीत काकांनी आधी अनटिल लिहिलेलं दिसतं, शाई अजून ताजी आहे. मग ते खोडलं आहे. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय, 'च्या आत', आणि त्याच्यापुढे, सुबक, किंचित डावीकडे झुकलेला, बाय.